फायनलनंतरचा सोमवार

वहिनींचा फोन आला तेव्हा मी अंबडला कंपनीच्या गेटवर गाडी लावत होतो. "भाऊजी, या," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन तसाच चालू राहिला. मागे कुणीतरी दार उघडलं, एक भांडं पडल्याचा आवाज आला... मी "निघालो" म्हणालो. प्रकाश गेला होता. असा फोन कधीतरी येणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. लावत असलेली गाडी मी तशीच वळवली. आता महिना होऊन गेला. त्याच्याविषयी लिहायला बसलो की त्याचं अंथरूण धरणं आधी आठवायला हवं, पण दर वेळी मन जातं ते त्या फायनलच्या रविवारकडे, आणि त्यानंतरच्या सोमवारकडे.

प्रकाश सिन्नर तालुक्यातल्या एका खेड्यातला. आयटीआय करून अंबडला लेथवर लागला. मी त्याच कंपनीत स्टोअरला. दोस्ती जमली ती क्रिकेटवरून आणि टिकलीही त्यावरच. पाथर्डी फाट्याजवळच्या त्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये मॅच बघायची तर शिस्त पाळावी लागे. फलंदाजांची जोडी जमली की कुणी जागा सोडायची नाही. एकदा माझ्या पायाला अशा मुंग्या आल्या की मी न राहवून उठलो, आणि नेमकी तेव्हाच विकेट पडली. पुढचा आठवडाभर हा माझ्याशी कामापुरतं बोलत होता! त्याची बायको, शोभावहिनी, आम्हाला हसायच्या. त्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नसे. पण आपण हरलो की त्याही गप्प बसायच्या. प्रकाश मुकाट्याने चपला घालायचा आणि फाट्यावरून थेट पांडवलेण्यांच्या पायथ्यापर्यंत चालत जायचा. घामाघूम होऊन परत आला की म्हणायचा, "चालून आलं की उतरतं बघ. वाढ गं."

त्या वर्षी आपला संघ एकही सामना न हरता वर्ल्डकपच्या फायनलला पोहोचला होता. प्रकाशने बिल्डिंगमधल्या सगळ्यांना घरी बोलावलं. वहिनींनी पातेलंभर मिसळ केली होती. बायका-माणसं दाटीवाटीने बसलेली, दारात चपलांचा ढीग. प्रकाशने मात्र ताटलीला हात लावला नाही. वहिनी दोनदा म्हणाल्या, "अहो, दोन घास तरी खा." तो म्हणाला, "टेन्शनमध्ये खाली उतरत नाय गं." ते सगळ्यांनाच पटलं, कारण आमच्याही घशाखाली काही उतरत नव्हतं. पुढे काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. समोरच्या संघाची शेवटची जोडी... म्हणजे जी जवळजवळ शेवटपर्यंत टिकली ती जोडी, फुटेचना. शेवटाकडे एकेक जण "येतो" म्हणून उठत गेला. कुणी आवाज बंद केला. आमचे खेळाडू टोप्या डोळ्यांवर ओढून मैदानातून निघाले, आणि प्रकाश रडायला लागला. डोळे भरून येणं वेगळं. हा गुडघ्यांत डोकं घालून, खांदे गदगदून रडत होता. पन्नाशीच्या माणसाला असं रडताना बघून शेजारी अवघडले, हळूच निघून गेले. वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "काय लहान मुलासारखं! चार वर्षांनी परत आहेच की वर्ल्डकप. तेव्हा बघा." त्याने मान वर केली. "हो," म्हणाला, "तू बघ." आम्हाला ते रागातलं बोलणं वाटलं. त्या दिवशी तो चालायला गेला नाही.

सोमवारी सकाळी तो कंपनीच्या गेटवर माझी वाट बघत उभा होता. अंगावर युनिफॉर्म नव्हता. "गाडी वळव," म्हणाला. मला वाटलं, कालचं अजून उतरलेलं नाही, कुठेतरी चहा पिऊ आणि येऊ. मुंबई नाक्याच्या अलीकडे त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली. रस्त्यावर ट्रकची रांग लागलेली, त्यामुळे त्याला जरा मोठ्यानेच बोलावं लागलं. "मला अन्ननलिकेचा कॅन्सर हाय. डॉक्टरनी शुक्रवारीच सांगितलं. म्हणाले, घरचं कुणी घेऊन या. मी म्हणलं, सोमवारी येतो."

मी गाडी बंद केली. विचारलं, "वहिनींना?"

"नाय. फायनल होऊ दे म्हणलं. तिनं एवढी तयारी केलेली... आणि जिंकलो असतो तर सांगायला जरा सोपं गेलं असतं."

"म्हणजे काल तू रडलास ते..."

तो गाडीच्या आरशाकडे बघत होता. "खरं सांगू? मलाच कळलं नाय. आधी मॅचसाठीच आलं रडू. मग थांबेना."

दुपारी आम्ही वहिनींना घेऊन दवाखान्यात गेलो. त्यांना त्यानेच सांगितलं, बाकावर बसून, हात हातात घेऊन. त्या म्हणाल्या, "काल मिसळ कशाला करायला लावलीत हो मला?" आणि मग त्यांना आवरणं कठीण झालं.

ऑपरेशन झालं, किमो झाली. त्यांची मुलगी पुण्याहून येऊन-जाऊन राहायची. मध्ये काही दिवस तो बरा दिसला, कामावरही आला, पुन्हा घसरला. लेथवर लोखंडाचे गज सहज उचलणाऱ्या त्या दंडांची कातडी लोंबायला लागली. त्यातच दुसरा एक कप, वीस षटकांचा, आपण जिंकलो. फटाके वाजले तेव्हा तो औषधांच्या गुंगीत होता. सकाळी मी पेढे घेऊन गेलो आणि मोबाइलवर शेवटची षटकं दाखवली. त्याने पूर्ण पाहिली. पेढ्याचा कण जिभेवर ठेवला. मग मोबाइल माझ्याकडे सरकवत म्हणाला, "चांगलं झालं. पण हा नाय रे... तो पाहिजे होता." त्यानंतर आम्ही दोघांनी कधी मॅच पाहिली नाही. मी लावू का विचारायचो, तो मानेनेच नको म्हणायचा.

परवा संध्याकाळी वहिनींकडे गेलो होतो. मुलगी पुण्याला परतली आहे. दार लोटलेलं होतं, आतून कॉमेंटरीचा आवाज येत होता, आणि क्षणभर माझा पाय उंबऱ्याशीच अडला. वहिनी खाली बसून मेथी निवडत होत्या, टीव्हीकडे पाठ करून. त्याची खुर्ची भिंतीला सरकवलेली. मी सतरंजीवर बसलो. मग मागे वळून न बघता त्यांनी विचारलं, "भाऊजी, यातले आपले कोणते?"

मी पडद्याकडे पाहिलं. कुठले तरी दोन परदेशी संघ खेळत होते. "दोन्ही आपले नाहीत, वहिनी."

"असू द्या," त्या म्हणाल्या. "राहू द्या चालू."