फुईचा पाहुणचार

फुईच्या शेतात जो शिरेल तो पाहुणा. दोन पायांचा असो, चार पायांचा असो, नाहीतर पोटावर सरपटणारा. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण, पण सगळं गाव तिला फुईच म्हणायचं. लवकर विधवा झाली आणि म्हसावदकडच्या आमच्या गावात सासरची जमीन एकटीनं कसू लागली. पोपटांनी दाणे फोडले, कोल्ह्यानं ऊस खाल्ला, की तिचं ठरलेलं वाक्य, "पाव्हना येल शे, खाईसन जाई."

प्रेमळ होती म्हणून तोंड बंद ठेवायची असं नाही. रानडुकरांना ती व्याही म्हणायची. "ह्या व्याही शेतस. खातस कमी, नासाडी जास्त, आन वरतून गुरगुर." हे ती गावातल्या खऱ्या व्याह्यांसमोर बोलायची आणि त्यांच्या पानात आणखी भाजी वाढायची. ससा तिच्या लेखी नवी सून, कोणी बघत नसताना खाणारी. विहिरीजवळच्या धामणीला मात्र अहोजाहो होतं; उंदरांची सोय ती लावते म्हणून.

ऊस तोडायची तिची रीत गावाला ठाऊक होती. तोडणी रस्त्याच्या अंगानं सुरू करायची आणि नाल्याकडची बाजू शेवटपर्यंत उभी ठेवायची. चारी बाजूंनी कोयते लावले की आतलं जनावर मधे कोंडतं, मग कोणाचा तरी पाय फाटतो किंवा जनावराचा जीव जातो. तेव्हाच गावाला गाव चिकटत चाललं होतं. तापीपासून डोंगरापर्यंत सगळं नांगराखाली आलेलं. सातपुडा समोर दिसायचा, पण तिथवर जायला जनावराला सावली म्हणाल तर एक नाला आणि आमचा ऊस.

त्या हिवाळ्यात तोडणी नाल्याजवळ आली आणि मजूर कोयते टाकून बांधावर येऊन बसले. पाचटात बिबटीण व्याली होती, दोन पिल्लं. फुईनं तोडणी थांबवली. गुऱ्हाळ लागलेलं, चरकाचे बैल रिकामे उभे, गुळव्या म्हणू लागला की मी चाललो पुढच्या गावाला. फुई म्हणाली, "बाळंतीण शे ती. बाळंतीणले घरमाईन कोन काढस?" पिल्लांना उचलून ती आपणहून जाईल, थोडी कळ काढा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

तिच्या शेताचा कारभार तेव्हा मी बघायचो. माझ्या लग्नाची बोलणी चालू होती आणि डोक्यात एक फोटो बसला होता. मेलेला बिबट्या, त्याच्यावर माझा पाय. बंदूक कोणाची हे फोटोत कुठे दिसतं? गुळव्या जातो म्हणतोय हे निमित्त पुढं करून मी सायकल काढली आणि शहाद्याच्या एका हौशी शिकाऱ्याला सांगून आलो. फुईला बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप थेट गुऱ्हाळावर. उतरताच शिकारी माझ्याकडे बोट करून म्हणाला, "यांनी बोलावलं म्हणून आलो." फुईनं माझ्याकडे पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाज टाकायला लावली.

"बठा दादा. उपाशी पोटे कोनी शिकार करस का?"

आधी रस आला. मग भरीत ठरलं, पण वांगी वाडीत होती. "जा, आन," ती मला म्हणाली. वांगी आणली तर भाजायला कपाशीची वाळकी पऱ्हाटी हवी. पऱ्हाटी आणली तर मिरच्या त्या नव्हेत, दुसऱ्या हव्यात. मी पळत होतो आणि शिकारी हसत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खात होता. भला माणूस, खाण्याचा शौकीन. तो जेवून आडवा झाला. उठला तेव्हा उन्हं कलली होती आणि फुईनं चुलीवर खापर चढवलं होतं. पहिल्यांदा घरी आलेला पाहुणा मांडे न खाता जाईल कसा? बंदूक तिनं केव्हाच, ठिणगी उडेल म्हणून, लांब लिंबाला टेकवून ठेवायला लावली होती.

अजून पुरता अंधार नव्हता. चिपाडांच्या ढिगावरून गुळव्यानं हळूच हाक मारली. उसातून बिबटीण बाहेर आली होती. तोंडात पिल्लू, मानगुटीला धरलेलं. आमच्याकडे एकदा बघून ती नाल्यात उतरली. शिकाऱ्याच्या हातात मांडा, बोटांवरून तूप ओघळतंय. त्यानं बंदुकीकडे पाहिलं आणि तो अर्धवट उठला. फुई हातांवर मांडा फिरवत होती; तिनं मान वर केली नाही.

"धाकलं राहेल शे आजून. बठा."

तो बसला. थोड्या वेळानं बिबटीण परत आली, धाकट्याला घेऊन गेली. तोपर्यंत आम्ही कोणी घास गिळला नाही.

जाताना शिकारी म्हणाला, "मावशी, तुम्ही मला आज बांधून ठेवलंत."

"बांधं कोठे दादा, दोर त गोठामा शेतस."

पुढे दरसाल गुऱ्हाळ लागलं की तो आवर्जून यायचा, बंदूक न घेता. आणि लोक जमले की फुई ही गोष्ट सांगायची. शिकारी आलाच कसा असं कोणी विचारलं, की म्हणायची, "रस्ता चुकेल व्हता बिचारा." माझ्या सासऱ्यांसमोर सांगितलं, बायकोसमोर सांगितलं, माझ्या मुलांनाही तसंच सांगितलं. दर वेळी मी खाली बघून ऊस सोलत बसायचो. तिनं मला एकदा झापलं असतं तर बरं झालं असतं.

ती शेवटची आजारी पडली तेव्हा मी ठरवून गेलो होतो. बाजेशी बसलो, सुरुवात केली, "फुई, तो शिकारी..."

तिनं माझा हात धरला. "त्या रोज तुले जेवाले वाढानं ऱ्हाई गयं रे भाऊ. दिनभर पळना तू. आजून मनमां शे ते."

माझं वाक्य तिथंच राहिलं. नंतर फुई गेली. तो शिकारी रस्ता चुकला नव्हता. त्याला मी बोलावलं होतं.