फ्लॉप्यांची पूजा

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सौंसरच्या एका संत्रा-व्यापाऱ्याकडे मी कारकून होतो. कॉम्प्युटरवर डॉस होतंच. त्याच्या शेजारी युनिक्सही हवं, हे मालकाला मीच पटवलं. मला दोन्ही सारखीच कळत होती, म्हणजे नव्हतीच.

ते बसवायला नागपूरच्या बसनं मेकॅनिक आला, जेवणाच्या डब्यात फ्लॉप्या घेऊन. नाव विचारायचं राहूनच गेलं. कीबोर्डला हात लावण्याआधी तो दरवेळी बोटं रुमालाला पुसायचा.

“युनिक्ससाठी डिस्कचे दोन भाग केले का सारं पुसलं जाते. व्यापाऱ्यांच्या पत्त्यांची कॉपी काढली का जी?”

“दसऱ्याच्या आधीच!” मी ऐटीत फ्लॉप्या दिल्या.

त्यानं एक उलटी केली. फटीतून दिसणाऱ्या चकतीवर हळदीकुंकू होतं. खंडेनवमीला मीच वाहिलेलं.

तो हसला नाही. “पूजा चांगली झाली भाऊ. आता कोऱ्या फ्लॉप्या आणा.”

कॉम्प्युटरवरचे सगळे पत्ते कोऱ्या फ्लॉप्यांवर पुन्हा उतरवण्यात त्याची परतीची बस चुकली. मी म्हटलं, “काहून एवढा वेळ लावून राहिले?”

“नवं त संध्याकाळपर्यंत बसते. जुनं गेलं त मालक तुम्हाले विचारन, मले नाही.”

माझी नोकरी वाचली. युनिक्स मी पुढे कधी उघडलं नाही. खंडेनवमीला कुंकू मात्र फ्लॉप्यांच्या कपाटाला लावू लागलो, तेही बाहेरून.