कॅम वाचला

धुराविरुद्धची आमची पत्रकं वाटत काल गाझियाबादच्या गॅरेजांमधून फिरत होते. एका दारात तापलेल्या ऑइलचा वास आला आणि माझा उजवा पाय आपोआप ताठ झाला.

तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकनं, इक्बालचाचांनी, त्यांच्या गॅरेजात आमच्या जुन्या गाडीच्या इंजिनात नवा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, बसवला होता. मला स्टिअरिंगमागे बसवून, पाय ॲक्सिलरेटरवर ठेवायला लावून ते म्हणाले, "बेटी, बीस मिनट रेस दबाके रखना. इंजन धीमा पड़ा, तो नया कॅम घिस जाएगा." ते स्वतः बॉनेटखाली वाकून गळती बघत राहिले. आवाजावरून शेजारी ओरडले, तसं बाबांनी बाहेर जाऊन गॅरेजचं शटर बरंच खाली ओढलं.

आत धूर कोंडला. खोकत खोकत चाचा भिंतीला टेकून खाली बसले. मी काच उघडून ओरडले, "बाबा, चाचांना काहीतरी होतंय!"

"काच वर घे. चारच मिनिटं राहिलीत, पाय उचलू नकोस."

मी उचलला नाही. चारही मिनिटं घड्याळाकडे बघितलं, चाचांकडे नाही.

शटर वर गेल्यावर चाचा बाहेर जाऊन ओकले. मग तोंड पुसून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शाबाश बेटी, कॅम बच गया."

त्या शाबासकीचा मला कितीतरी दिवस अभिमान होता. आता मी पत्रकात ठणकावून लिहिते, की या मालक लोकांना कामगाराच्या छातीपेक्षा यंत्र प्यारं आहे. ते अगदी खरं आहे. रेसवरचा पाय माझाच होता.