धारेचं पोट
ओल्या दगडाचा आणि लोखंडाचा वास आला की, नातवंडांनो, मला आजही राग येतो. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात साखरखेर्ड्याच्या शेतात तुरीची कापणी चालू होती, तेव्हा सासूबाईंचा एकुलता एक कोयता मी आपणहून धार लावायला घेतला. इंग्रजी शाळेत पट्टीने रेघ ओढायला शिकले होते, तसं पातं दगडावर सपाट टेकवून मी ते कागदासारखं पातळ केलं. दुसऱ्या दिवशी तुरीच्या कडक खोडावर पहिल्याच घावाला त्याचा टवका उडाला. "काऊन वं, धारेचं पोटच घासून टाकलं तू?" सासूबाई साऱ्या बायकांसमोर ओरडल्या. "विंग्रजी शिकली अन् कोयता मारला!" बायका पदराआड हसल्या. मग सासूबाईंनी मला बांधावर बसवलं आणि मनगट धरून पातं झोका दिल्यासारखं दगडावर फिरवायला लावलं, म्हणजे धार दोन्ही अंगांनी जराशी फुगीर राहते आणि खोडाचा मार सोसते. "दाबू नोको. राग माह्यावर काढ, दगडावर नोको." दुपार टळेपर्यंत मी घासत राहिले, बोटांची सालटी निघाली. संध्याकाळी तुमच्या आजोबांनी तो कोयता उचलून एका घावात खोड तोडलं आणि म्हणाले, "मायच्या हाताची सर कोनाले नाही!" सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं आणि ते कौतुक चक्क स्वतःच्या नावावर घेतलं. त्या आता नाहीत. कोयता माझ्याकडे आहे आणि त्याची धार मीच लावते. तुम्ही आलात की ती कोणी लावली, हे आजोबांसमोर मोठ्याने विचारा.