मुठीतलं बोट

आमचे सर कुणालाही भेटले की आधी त्याचं बोट पकडायचे. नमस्कार वगैरे नंतर. बोटाभोवती स्वतःचा रुमाल गुंडाळायचे आणि वरून मूठ मिटायचे. "बोट म्हणजे तुहा श्वास, रुमाल म्हणजे नळीची आतली साल, अन् मूठ म्हणजे बाहेरचा स्नायू. साल शाबूत आहे तोवर ते मुठीले समजावत राह्यते, बाई, नरम राह्य." मग झटक्यात रुमाल ओढून काढायचे आणि मूठ अशी आवळायचे की समोरचा कळवळायचा. "आता काढ बोट! नाही निघत ना? यालेच दमा म्हणतात."

औषधशास्त्राच्या कॉलेजात मूठ-रुमालाची ही युक्ती त्यांना मीच मिळवून दिली, असं मी अजून ऐटीत सांगतो. खरं असं की प्रॅक्टिकलला कसायाकडून बकऱ्याची श्वासनळी आणायची होती. ती आतून बुळबुळीत लागली, म्हणून मी कापसाच्या बोळ्याने आई पितळी घासते तशी लख्ख घासली. सरांनी माझी आणि शेजारच्या पोराची नळी दोन भांड्यांत टांगली, आकसणं कागदावर रेघेने दाखवणारी सुई दोन्हींना जोडली आणि दोन्हींत हिस्टामिनचा सारखाच थेंब सोडला. ॲलर्जीत शरीर सोडतं तेच हे द्रव्य. शेजाऱ्याची सुई बोटभर वर गेली. माझी कागदाबाहेर.

"तू तं कसायाच्याही वरताण निघाला बे! त्यानं बकरा मारला, तू त्याची सालही सोलली."

वर्ग हसला. सर हसता हसता खोकायला लागले आणि खिडकी धरून उभे राहिले. तेव्हा आम्हाला कळलं, की ही सुई ते स्वतःच्या छातीत घेऊन हिंडतात.

निवृत्तीनंतर ते नांदुऱ्यात माझ्या मेडिकलमध्ये स्टूल टाकून बसू लागले. धंद्याचं वाटोळं झालं. कुणी दम्याचा, लगेच आराम देणारा पंप मागितला की यांनी त्याचं बोट धरलंच. "हा पंप फक्त मूठ उघडते. रुमाल कोण शिवन? धूळ आधी सालीले चावते, साल चिडते, मंग मूठ आवळते. रोजचा पंप घे, सालीचा." गिऱ्हाईक बोट सोडवून समोरच्या दुकानात जायचं.

पण कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघाल्या आणि हवेत तंतू उडाले की सरांची विद्या हरायची. ते वाक्य अर्ध्यात सोडून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकायचे. खांदे वर, मान खाली. मी पंप पुढे धरून वेड्यासारखा विनोद करत सुटायचो. दुसरं मला काय येत होतं? ते डोळ्यांनीच सांगायचे, गप बस. एकदा श्वास परत आल्यावर म्हणाले, "मले सगळं माहीत आहे रे. माहीत असून काही होत नाही, हे तेवढं पोरायले नाही शिकवलं."

गेल्या पावसाळ्यात त्यांना फार बरं वाटलं. इतकं, की रोजचा पंप त्यांनी बंद केला.

"सर, तुम्ही? अहो, तुम्हीच तर..."

"बरं वाटून राह्यलं बे. काऊन टोकते? चार दिवस तं मले बिना पंपाचा माणूस होऊ दे."

मी हसलो. मलाही ते बघायला बरं वाटत होतं.

मग वडनेर भोलजीहून सरांच्या धाकट्या भावाचा फोन आला. सोयाबीन काढायचं होतं. त्यांच्या घरी मळणी यंत्रापुढे नारळ थोरल्याने फोडायचा आणि पहिलं पोतं भरेपर्यंत त्यानेच उभं राहायचं. मी सोबत गेलो आणि म्हटलं, नारळ फोडा आणि गाडीत बसा. "पहिलं पोतं सोडून थोरला पळाला, असं म्हणतीन न लोक!" नाकाला रुमाल बांधून ते उभे राहिले. यंत्राने भुसा उडवला, उन्हात पिवळा ढग झाला आणि त्या ढगात मला त्यांचे खांदे वर गेलेले दिसले.

सरांचा भाऊ, ज्याला मी काका म्हणायचो, गाडी चालवत होता. मागच्या सीटवर मी पंप मारत होतो, पुन्हा, पुन्हा. औषध आत जातच नव्हतं. सरांचे ओठ जांभळे पडले होते. छातीतली शिट्टीसुद्धा थांबली. त्यांनी माझं बोट शोधलं आणि मुठीत धरलं. रुमाल नव्हता. मूठ अशी आवळली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"सोडा ना सर, पाठ आहे मला," मी म्हणत राहिलो. "समजलं सर. सैल करा. सैल करा न."

नांदुऱ्याच्या अलीकडे ती मूठ हळूहळू सैल झाली. माझं बोट सहज बाहेर आलं. मूठ सैल म्हणजे श्वास मोकळा, आयुष्यभर त्यांनी आम्हाला हेच तर शिकवलं होतं.

"काका, सुटली मूठ!" मी आनंदाने ओरडलो. "आराम पडला सरांना!"

भावाने आरशात सरांचा चेहरा पाहिला आणि गाडी बाजूला घेतली.