पोपटाचा उष्टा पेरू

९ जानेवारी १९९७. संक्रांतीचे तीळ निवडत मी पलूसला भावाच्या घरी बसले होते. भाऊ कारखान्यात गेलेला, भावजय शिलाई मशीनवर, आणि त्यांची अडीच वर्षांची पोर टीव्हीपुढे. पोर अजून एक शब्द बोलत नव्हती. हाक मारली तर वळायचीही नाही. बहिरी निघते की काय, या धास्तीनं भावजय वाळून गेली होती. दुसऱ्या दिवशी सांगलीला कानाच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं होतं.

माझा संशय टीव्हीवर होता. तो सकाळी लागायचा, तो निजेपर्यंत.

"शांत बसते, वन्सं. माझे ब्लाऊज उरकतात," भावजय म्हणाली.

"शांत बसते हेच मला खटकतंय."

मघाशी पोर परसात होती. जाहिरातीची धून वाजली तशी धावत आत आली. धून ऐकू येते, मग हाक का नाही?

तेवढ्यात शेजारच्या आजी पदराआडून अर्धा पेरू घेऊन आल्या. "आवं, पोपटाचा उष्टा हाय. पोरीला चारा. घडाघडा बोलंल."

पोरीनं पेरू खाल्ला. थोड्या वेळानं टीव्हीवरचं चित्र गेलं आणि पोर स्वच्छ म्हणाली, "खेद."

मशीन थांबली. "वन्सं, खेळ म्हणाली! खेळ!"

"बगा, माज्या पेरूचा गुण!" आजी म्हणाल्या.

मी टीव्हीकडे बघितलं. पाटी लागली होती आणि आतली बाई सांगत होती, रुकावट के लिए खेद है.

"गुण आला आजी, पण पोपटाचा."

"तुमास्नी कशातबी खोटच दिसती," म्हणून आजी फणकाऱ्यानं गेल्या.

मी टीव्ही बंद केला. पोरीला वाटीत दूध दिलं. दूध संपलं तशी तिनं रिकामी वाटी माझ्यापुढे धरली. "खेद."

म्हणजे थांबलं, संपलं, याला तिच्याकडे हा एकच शब्द होता, आणि तोही तिनं टीव्हीतल्या बाईकडून उचललेला. दिवसभर तिच्याशी बोलणारं दुसरं होतं कोण? भावजयीला ते कळलं आणि तिनं डोळ्याला पदर लावला.

"रडू नकोस. कान शाबूत दिसतायत. तरी उद्या दाखवून आणू. माझ्या अंदाजावर डॉक्टर चुकवायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी मी अँटेनाची वायर सोडवून कपाटावर टाकली. एसटीत पोरीला खिडकीशी मांडीवर घेतलं आणि दिसेल ते सांगत सुटले. ऊस. बैल. विहीर. ती गप्प होती, पण माझ्या तोंडाकडे बघत होती. पुढच्या थांब्यावर गाडी उभी राहिली.

"खेद," ती म्हणाली.

"थांबली," मी म्हणाले. "म्हण, थांबली."