म्हाताऱ्याची काठी आणि आयर्न फूट

ज्या गाण्यामुळे लोक मला ओळखतात, त्या गाण्याची चाल माझी नाही. ती माझ्या चुलतभावाची आहे, आणि हे मी अर्धं आयुष्य कुणाला सांगितलं नाही. एवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित तसाच म्हातारा झालो असतो. पण त्याच चालीपायी भर अंगणात माझ्या भावाला चोर ठरवलं गेलं, तेव्हा मी समोरच बसलो होतो आणि गप्प राहिलो. हे लिहितोय ते वाडीत राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे एसटीत बसून निघून गेले त्यांच्यासाठीही.

मंडणगडच्या स्टँडवरून आम्ही दोघं एकत्र निघालो. माझी बारावी झाली होती. गोविंददादा, तोच चुलतभाव, सुट्टी संपवून मुंबईला परत चालला होता आणि मी पहिल्यांदाच जात होतो. त्याच्या मांडीवर पोत्यात गुंडाळलेली ढोलकी, माझ्या पायाशी पत्र्याची ट्रंक. आईने कुळथाच्या पिठाची पुरचुंडी खिडकीतून आत दिली. बाबा खिडकीचा गज धरून उभे होते. म्हणाले, "दादाच्या शब्दाबाहेर जाव नको. आनि कुनी इचारलान कुठला, तर गावाचं नाव सांग. लाजू नको." गाडी हलेपर्यंत मला हसू येत होतं. गावाचं नाव सांगायला कोण कशाला लाजेल?

परळला आमच्या गावकीची खोली होती. गावातल्या सगळ्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली. प्रत्येकाला भिंतीवर एक खुंटी आणि खाली ट्रंकेपुरती जागा. दादा एका छापखान्यात कामाला होता. संध्याकाळी माणसं कामावरून आली की गणपतीसाठी जाखडीची तालीम चालायची. जाखडी म्हणजे मुंबईकर ज्याला बाल्या डान्स म्हणतात तो नाच. मधे ढोलकी आणि शाहीर, भोवती पायात चाळ बांधलेल्या नाचणाऱ्यांचं रिंगण. दादा ढोलकी वाजवायचा आणि गवळणींना चाली लावायचा.

खोलीची जमीन लाकडी होती. पावलं पडायला लागली की खालच्या मजल्यावरचा पेन्शनर म्हातारा काठीने छत ठोकायचा. ठक! बाकीचे शिव्या घालायचे. दादा मात्र एकदा ढोलकीवर हात तसाच ठेवून म्हणाला, "थांबा रं. म्हातारा तालात हाय. त्याला पन घिया कोरसमदी." आणि त्याने गवळणीच्या ओळीच्या शेवटी एक ठोका रिकामा सोडला. सगळ्यांनी पाय उचलायचे, खाली आणायचे नाहीत. खालून काठी वाजली की मग सगळ्यांचं पाऊल एकदम. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा आम्ही हसून लोळलो. पण हसणं ओसरल्यावर कळलं की चाल फार सुंदर झाली आहे.

ती गवळण त्या वर्षी गावाला गेलीच नाही. काका वारले, सुतकात नाच बंद. पुढे छापखाना बंद पडला, दादा शेतीला परतला आणि खोलीतली माणसं पांगली.

तोवर मी कॉलेजातल्या एका बँडमध्ये गिटार वाजवू लागलो होतो. वांद्र्याच्या एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये प्रॅक्टिस असायची. मुलं चांगली होती, मला गिटारही त्यांनीच दिली. पण एकदा आमच्या ड्रमरने कमरेला टॉवेल गुंडाळून बाल्या डान्सची नक्कल केली. सगळे हसले. मीही हसलो, इतरांपेक्षा जरा मोठ्यानेच. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी ती गवळण गिटारवर वाजवली. डिस्टॉर्शन लावून, म्हणजे आवाज खरखरीत करून, खालच्या तारांवर, संथ. ओळीच्या शेवटी रिकामा ठोका, मग सगळे एकदम. ड्रमर काठ्या खाली ठेवून बघत राहिला. "हे काय आहे? कुठून आणलंस?" मी म्हणालो, "सुचलं." आमच्यातल्या गाणी लिहिणाऱ्या पोराला त्यात जड पाऊल ऐकू आलं. त्याने इंग्रजीत शब्द लिहिले आणि नाव दिलं 'आयर्न फूट'. त्या पायात चाळ बांधलेले आहेत हे त्या गॅरेजमध्ये फक्त मला माहीत होतं.

गाणं चाललं. कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये तो रिकामा ठोका आला की हजारभर पोरं उडी मारून एकदम खाली यायची. बँड फुटला, पण गाणं राहिलं. आजही पोरं गिटार हातात आली की आधी तेच वाजवायला शिकतात. एका मुलाखतीत विचारलं, ती प्रसिद्ध गॅप कशी सुचली? मी सांगितलं की हॉस्टेलच्या टेरेसवर वाजवताना तार तुटली, मी दचकून थांबलो, आणि ते थांबणंच आवडलं. मी हॉस्टेलमध्ये कधी राहिलोच नव्हतो. पण गोष्ट लोकांना आवडली. पुढे मी कामासाठी बेंगळुरूला गेलो, साऊंड स्टुडिओ काढला. 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी', म्हणजे जरा सांभाळून घ्या, असं म्हणायला शिकलो. वीकेंडला पबमध्ये कुणीतरी 'आयर्न फूट' वाजवतंच, आणि कुणीतरी तरुण पोरगा मला तार तुटल्याची गोष्ट ऐकवतो. मी ऐकून घेतो.

दादाने ते गाणं खेडच्या एका लग्नात स्पीकरवर ऐकलं. त्याने मला फोन केला तो हसतच. "अरं, म्हाताऱ्याची काठी विलायतेला गेली की रं!" मीही हसलो. मग त्याने विचारलं, "माजं नाव घातलंस काय कुठं?"

मी म्हणालो, "बघतो."

त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.

मग तो गणपती आला. दादाने पुन्हा पार्टी उभी केली होती. आमची पार्टी शक्तीवाली, आणि गौरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या गावातून तुरेवाल्यांची पार्टी सामन्याला आली. शक्ती-तुऱ्यात एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. टोमण्याला जवाब दिला नाही, तर तो कबूल केला असं धरतात. दादाने सुरुवातीला ती परळची गवळण काढली. वाडीत ती पहिल्यांदाच वाजत होती. मी पुढच्या रांगेत खुर्चीवर बसलो होतो. शहरातून आलेल्यांना खुर्ची देतात. रिकामा ठोका आला तसे खुर्चीखाली माझेही पाय उचलले गेले.

तुरेवाल्यांचा शाहीर महादेव कॉलेज शिकलेला, तिथे 'आयर्न फूट' ऐकून ते गोऱ्यांचंच समजलेला, तोंडाचा तिखट. त्याने कानावर हात ठेवला आणि गायला लागला:

"गवळण तुझी गोऱ्यांची रं, राधेला घातलीस पँट,
चाल चोरलीस कॅसेटमधली, शाहीर कसला, एजंट!"

अंगण हसून फुटलं. आमच्या बाजूचे म्हातारेसुद्धा हसले. दादाच्या हातात ढोलकी होती, जवाबाची पाळी त्याची होती. त्याला एकच ओळ पुरली असती, माझं नाव घातलेली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. चपलेच्या अंगठ्याला शेण लागलं होतं ते मी फार लक्ष देऊन पाहत राहिलो. दादाने जवाबाऐवजी गण म्हटला, देवाला नमस्कार केला आणि ढोलकी उतरवली.

त्या संध्याकाळी आई भाकऱ्या थापताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यानं तुला वाचवलान. तू कुनाला वाचवलास?" तालमींचं आणि काठीचं मीच तिला पूर्वी एकदा सुट्टीत हौसेने सांगितलं होतं. मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघून आलो. जास्त कामं आहेत असं सांगितलं.

दादाने त्यानंतर चाल लावली नाही. आणि वाडीत एकदा नाव पडलं की पडलं. लोक त्याला एजंट म्हणू लागले, पुढे लाडानेही. यंदा वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोरांनी विचारलं की सामना परत ठेवूया, दादा गाणार का? दादाने लिहिलं, "एजंटला कशाला बोलवता?" खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. त्यातल्या अर्ध्या पोरांना नाव कुठून आलं हेही ठाऊक नसेल. मी स्टुडिओत होतो. समोर कुणाचं तरी गाणं मिक्स होत होतं. मी ते बंद केलं.

गणपतीला गेलो आणि थेट दादाच्या पडवीत जाऊन बसलो. तो काजूच्या कलमांना बांधायला सुतळी कापत होता. म्हणालो, सामन्याला मी सगळ्यांसमोर खरं सांगणार.

"कशाला? आता सवय झालीय. एजंट म्हटलं की मी वळून बघतो, गोविंद म्हटलं तर नाय बघीत."

"तरी सांगणार."

त्याने सुतळी दातात धरली, गाठ मारली. "सांगायचं तर गाऊन सांग. आपल्यात बोललेलं कोन ऐकीत नाय. आनि खुर्चीवरून नको. पायात चाळ बांध."

बेंगळुरूला माझं घर आहे. बायको, मुलगी, बाल्कनीत कढीपत्ता. तिथे परतल्यावर मी 'घरी आलो' असंच म्हणतो. पण तार तुटल्याची गोष्ट मी तिथल्या प्रत्येकाला सांगितली, आणि वाडीत एकदाही नाही. तशी हिंमतच झाली नाही. बहुधा तीच माझ्यासाठी घराची खूण आहे. ती एकच जागा आहे जिथे मी गप्प बसू शकलो, पण ती गोष्ट सांगू शकलो नाही.

सामन्याच्या दुपारी मी चाळ बांधून रिंगणात उभा राहिलो. पोरं मोबाईल काढून तयार. महादेव आला होता, अंगाने सुटलेला, केस पांढरे. दादा मागे पडवीत खांबाला टेकून बसला होता. त्याने ढोलकी घेतली नाही, दुसऱ्याने घेतली. मी आदल्या रात्री जुळवलेल्या ओळी गायला लागलो. आवाज फाटत होता.

"काठी ठोके म्हातारा, परळच्या खोलीखाली,
त्या काठीला जागा देऊन चाल दादाने केली..."

रिकामा ठोका आला. सगळ्यांनी पाय उचलले, मीही उचलला, आणि पुढची ओळ गेली. आठवेना. ढोलकीवाला माझ्याकडे बघत थांबला. रिंगण एका पायावर उभं. हसायला कुणीतरी सुरुवात करेल असं वाटत होतं, पण कुणी हसलं नाही. महादेवने जवाबासाठी कानाशी नेलेला हात खाली घेतला. मी पाय तसाच जमिनीवर टेकवला, रिंगणातून बाहेर आलो, पडवीच्या पायरीशी गेलो आणि जे गाण्यात बसलं नाही ते बोललो.

"दादा, ही चाल तुजी हाय. तार-बिर कायपन तुटली नव्हती. मी तुजी चाल उचलली आनि माजं नाव लावलं. तुला चोर म्हणाले तेव्हा चोर हितंच बसला व्हता, पुढच्या रांगेत, खुर्चीवर. तू माज्याकडं बघितलंस आनि मी खाली बघितलं. त्याची माफी मागतो. सगळ्यांसमोर मागतो. माफ कर मला, गोविंददादा."